नाकाची तालीम

लवंगेच्या तेलाची मोठी बाटली फुटली तेव्हा माझ्या तेलांच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं खोकत बाहेर पळाली. एकटा तो तिथेच उभा राहिला. डोळ्यांत पाणी, चेहरा मख्ख.

"नाक घरी ठेवून आलात का?" मी ओरडले.

"तापात गेलं," तो म्हणाला. "जरा हळू बोला… समोरची बेकरी माझी आहे."

वास न येणारा बेकरीवाला! हसू यायला हवं होतं. पण आलं नाही. त्याची भट्टी गॅसची होती.

"मग भट्टी पेटवता कशी?"

"आधी ताई येऊन हुंगून जाते. मगच काडी ओढतो."

डॉक्टरांनी त्याला नाकाची तालीम सांगितली होती. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी – चार तेलांचे वास, रोज, महिनोन्महिने. नाक परत येईलच असं नाही. तो रोज दुपारी माझ्याच काउंटरवर तालीम करायला लागला.

"दोन थेंब पोटात घेतले तर लवकर गुण येईल?"

"दवाखान्यात लवकर पोचाल. फुलांचं तेल म्हणून गरीब समजू नका. प्यायचं नाही, तसंच अंगाला चोळायचं नाही, आचेजवळ ठेवायचं नाही. कागदाच्या पट्टीवर एक थेंब, बस्स. तेलानं सगळं बरं होतं म्हणणारे लुटारू असतात."

"आणि तुम्ही?"

"मी दुकानदार. डोळे मिटा."

तो एकच मिटायचा. दुसरा… माझ्यावर.

तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "लवंग!" बरोबर. मग लिंबू, मग गुलाब. मी टाळ्या वाजवल्या. मीच म्हणाले, "आता ताईंना कशाला दमवता रोज?"

चार दिवसांनी तो आलाच नाही. मी पट्ट्या घेऊन बेकरीत गेले. दारातच गॅसचा वास नाकात घुसला. आत तो शीळ घालत होता, हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी किंचाळले.

"टाक ती! टाक म्हणते ना!"

तो गोठला. मी अर्धवट उघडा राहिलेला कॉक बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाकडे गेलेला त्याचा हात हिसडला आणि त्याला ओढत रस्त्यापलीकडे नेलं.

"तुला वास येतो म्हणालास!"

"नाही येत." तो पांढराफटक पडला होता. "एकदाही नाही आला. तुम्ही बाटली उघडायचात ना… झाकणांचे रंग पाठ झाले होते."

"का पण? का?"

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात…"

"खोटारड्या! मला खूश करायला निघालास आणि विधवा करून ठेवणार होतास!"

शब्द निसटला. परत गिळता येईना.

"आपलं लग्न…" तो चाचरला, "कधी झालं?"

"झालं नाही. भट्टीजवळ गॅसचा अलार्म बसेपर्यंत होणारही नाही. आधी ताईंना फोन लाव."

"काय सांगू?"

"खरं ते."

त्यानं फोन लावला.

"ताई… मला वास येत नाही गं. तुला खोटं सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघत, भीत भीत, "आणि… माझं लग्न ठरलंय. बहुतेक."