सोड म्हणेपर्यंत

ही गोष्ट मी आजवर दोघांनाच सांगितली. एक हसला. दुसरीने पुन्हा आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. तुम्हाला विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यात एक शब्दही माझ्या पदरचा नाही. ज्या हाताने हे लिहितेय, त्याच हातावर हे घडलंय.

आणि रात्री वगैरे काही नाही. भर दुपारी घडलंय. साडेबारा वाजता, दारात लख्ख ऊन असताना.

२१ नोव्हेंबर १९९७. शुक्रवार.

आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो. चाळीच्या मागच्या भिंतीला लागूनच कारखाने. सहा दिवस इतका आवाज की घरातल्या घरात ओरडून बोलायचं. शुक्रवारी मात्र सगळं बंद. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारची आणि लाईटही त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गायब. मशीन नाही, पंखा नाही, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा नाही. शेजारी कुणी लसूण सोलला तरी ऐकू यायचं.

माझे वडील हरिचंद्र. सगळे त्यांना आण्णाच म्हणायचे. पत्र्याच्या कामातले फिटर, आणि त्याचा ताठा भारी. लग्नातल्या आहेराच्या डब्यालासुद्धा उलटंपालटं करून नावं ठेवायचे.

मी बकुळा, तेव्हा चोवीस वर्षांची. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये डीटीपी शिकले होते. घरी बसून लग्नपत्रिका आणि बिलबुकं करून द्यायचं ठरवलं. तिथल्याच एका सिंधी शेठकडून जुना कॉम्प्युटर घेतला... सुटा सुटा, पिशवीत भरून.

"डिब्बा टूट गया बेटी," शेठ म्हणाला. "बाकी सब चालू माल है. खुला भी चलेगा."

घरी सांगितलं तर आण्णा हसले.

"उघडा? माझ्या घरात? अगं, मी माणूस मावेल एवढे डक्ट बनवलेत. हा तर पोळ्यांचा डबा."

एवढं बोलले... आणि त्यांची नजर कॉटखाली गेली.

मग खाली वाकून त्यांनी कॉटखालचा ॲल्युमिनियमचा पत्रा ओढला. नऊ वर्षं तो तिथेच होता. कुणी हात लावलेला नव्हता.

"तो नको," आई म्हणाली. "दुसरा आणा."

"चांगला पत्रा कशाला सडवायचा?"

आईच्या मनात काय होतं ते मलाही कळलं. तो चांगोकाकाच्या डक्टमधला उरलेला पत्रा होता.

चांगो आण्णांचा हेल्पर. बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीवरचा ठाकर. सुट्टीला कधी करवंदं, कधी रानभाजी घेऊन आमच्याकडे यायचा. दार उघडं असलं तरी चौकटीवर बोटाने दोनदा ठोकायचा... टक टक. आणि 'ये' म्हणेपर्यंत बाहेरच उभा. आण्णांनी त्याला लावलेली शिस्त होती ती. कामातली.

कारण रिबिट, म्हणजे पत्रे जोडायची खिळी, मारायला दोघं लागतात. बाहेरून एकजण हातोडी मारतो. आतून दुसरा लोखंडी ठोकळा रिबिटीला टेकवून धरतो. मध्ये पत्रा, म्हणून एकमेकांना दिसत नाहीत. बाहेरचा ओरडतो, "धर!" आतला ठोकळ्याने दोनदा वाजवतो, म्हणजे धरलंय. मग बाहेरचा हातोडी मारतो. आणि "सोड" ऐकल्याशिवाय आतल्याने हलायचं नाही. ज्याने धर म्हटलं, सोडही त्यानेच म्हणायचं. मध्ये तिसऱ्याने तोंड घालायचं नाही.

१९८८ साली एका केमिकल कंपनीत ते दोघं डक्ट बसवत होते. डक्ट म्हणजे पत्र्याचा चौकोनी बोगदा. चांगो आत होता. जेवणाच्या सुट्टीत चुकून प्लांट चालू झाला आणि डक्टमध्ये गॅस शिरला. चांगो आतच गेला.

"मी सोड म्हटलं होतं," आण्णा सगळ्यांना सांगायचे. "तो बाहेर का नाही आला, देव जाणे."

आम्ही ते नऊ वर्षं खरं मानलं.

१४ नोव्हेंबरच्या शुक्रवारी आण्णा कॉम्प्युटरच्या डब्याच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, कामाला लागले. पत्रा कापला, कोपऱ्यांवर लाकडी मोगरीने दुमडला. काय सफाई होती! बंदुकीने मारायच्या पोकळ रिबिटी त्यांना चालायच्या नाहीत. भरीवच हव्या. एकट्याने कशा मारणार म्हटलं तर म्हणाले, शिकंज्यात ठोकळा आवळतो, तू तुझं काम कर.

मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले. आतून आवाज आला.

"धर."

टक टक.

मग हातोडी. मग, "सोड."

आई आत असेल असं वाटलं. पुन्हा तेच. धर... टक टक... हातोडी... सोड. सुरेख लय लागली होती. कामाची लय लागली की ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. मी तांदूळ निवडता निवडता आकडे मोजत होते. अकरावी रिबिट झाली.

तेवढ्यात समोरून आई भाजीची पिशवी घेऊन आली.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मी आत गेले. आण्णा एकटे होते. शिकंजा भिंतीला टेकवलेला, हातही न लावलेला. कॅबिनेटवर अकरा रिबिटी बसल्या होत्या, एका ओळीत. एकही वाकडी नव्हती.

"आत कुणी धरलं होतं?"

आण्णांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हातोडी मात्र त्यांनी घट्ट धरली होती.

"सवयीने धर म्हणालो गं," ते म्हणाले. "सवयीने..."

आठवडाभर त्यांनी कामाला हात लावला नाही. मीच मूर्ख. मला पत्रिकांचं पहिलं काम मिळालं होतं, घाई होती. पुढच्या शुक्रवारी मीच म्हटलं, मी धरते आतून, आज संपवून टाका. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती आणि तरी मी हट्ट केला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साडेबारा वाजत आले होते. मी कॅबिनेटच्या उघड्या बाजूने उजवा हात आत घातला. हातात जुन्या हातोडीचं डोकं, ठोकळ्याऐवजी. बारावी रिबिट होती.

"धर," आण्णा म्हणाले.

मी वाजवणार होते. त्याच्या आधीच...

टक टक.

माझ्या बोटांच्या अगदी शेजारी.

आण्णांचा हात सुटला म्हणा की सवय म्हणा, हातोडी बसली. ठण्ण. आणि त्याच क्षणी माझ्या हातावर काहीतरी आलं.

थंड. रुंद. खरखरीत.

तो हात होता. माझा पंजा त्याने पत्र्याला दाबून धरला. रागाने नाही, खरंच सांगते. कामात धरतात तसा. जितका जोर लागतो तितकाच.

मी ओढलं. हात निघेना. डाव्या हाताने कॅबिनेट ढकललं, ते माझ्याबरोबर सरकलं. मी वाकून आत पाहिलं. आत माझाच हात दिसत होता, दुसरं काही नाही. पण चामडी दबून बोटं पांढरी पडली होती.

मग वास आला. उग्र, आंबूस, घशाला झोंबणारा. सगळे कारखाने बंद, आणि आमच्या खोलीत तो वास! मला श्वास घेता येईना. आई किंचाळली, "अहो, सोड म्हणा! म्हणा ना!"

"सोड," आण्णा पुटपुटले.

काहीच झालं नाही.

"सोड! सोड!"

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आईने माझी कंबर धरून ओढलं. मनगटात कळ गेली आणि मी ओरडले. तेव्हा आण्णा गुडघ्यावर बसले. पत्र्याला तोंड लावून, डक्टमध्ये माणूस असल्यासारखे बोलायला लागले.

"चांगो... मी सोड म्हटलंच नव्हतं रे. भोंगा झाला आणि मी तसाच पळालो. कॅन्टीनमध्ये जिलबी होती त्या दिवशी. तुझ्यासाठी ताटली ठेवली होती. मला वाटलं तू येशील मागून... मी विसरलो. आणि सगळ्यांशी खोटं बोललो. भोंगा झाला, चांगो. जेवायला चल. पोरीचा हात सोड."

खोलीत नुसता माझा धापा टाकल्याचा आवाज.

मग हातावरचं वजन गेलं.

मी मागे आईच्या अंगावर पडले. आणि कॅबिनेटमध्ये काहीतरी जड पडलं... ठण्ण.

आण्णांनी ते बाहेर काढलं. लोखंडी ठोकळा. एका कडेला खाच होती, आण्णांनीच कानसीने पाडलेली खूण. त्या खाचेत माती होती.

ओली, तांबडी माती.

दुसऱ्या दिवशी आण्णा मला घेऊन चांगोच्या वाडीवर गेले. त्याची बायको आवडीबाई अंगणात नाचणी पाखडत होती. आण्णांनी ठोकळा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं कबूल केलं. रडत रडत.

तिने ठोकळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यो त्याच्या मुठीत व्हता," ती म्हणाली. "बोटा उघडत नव्हती. आमी तसाच पुरला त्याला, ठोकळ्यासकट."



"तवा मी इचारला तुमाला, सोड म्हनलाव का? तुमी म्हनलाव, व्हय. नव वर्सा मी त्यालाच बोल लावला, का रं बाबा तू आला नाय भायेर."

आण्णांनी ठोकळा उचलून तिच्या हातात द्यायला पुढे केला. तिने हात मागे घेतला.

"माजा नाय त्यो. तुमच्या कामाचा हाय. आता तुमी धरा."

आणि ती पुन्हा पाखडायला बसली.

कॅबिनेट मी स्क्रूने पूर्ण केलं. कॉम्प्युटर उत्तम चालला, पत्रिकाही खूप झाल्या. पण आण्णा बदलले. ठोकळा त्यांनी घरात ठेवून घेतला. शुक्रवारी दुपारी तो हातात घेऊन बसायचे. मी एकदा काढून घ्यायला गेले तर म्हणाले, "नको. धरलंय."

१९९९च्या ऑक्टोबरात, एका शुक्रवारी सकाळी आण्णा गेले. हार्टचा झटका. ठोकळा मुठीत होता.

मूठ उघडेना.

आईने प्रयत्न केला. चुलतभाऊ बबनने केला, त्याने तर गरम पाण्यात फडका बुडवून बोटं शेकली. मग मी जवळ गेले आणि कानात म्हटलं, "आण्णा, सोडा." सात-आठ वेळा म्हटलं. मनातून कळत होतं की माझं ऐकायचे नाहीत. मी धर म्हटलंच नव्हतं.

ते कुणी म्हटलं होतं, हे आमच्या घरात मला आणि आण्णांनाच माहीत होतं.

बबनला रिक्षा करून वाडीवर पाठवलं. आवडीबाई आली. बाराच्या सुमाराला. काही खळखळ न करता आली, हातात रानफुलं होती. फुलं तिने आण्णांच्या पायाशी ठेवली.

मी तिचे पाय धरले. "आवडीमावशी, एकदा म्हणा. त्यांना जाऊ द्या."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मायेने. मग दाराजवळ भिंतीला टेकून बसली.

"म्हनते ना," ती म्हणाली. "भोंगा होऊ दे."

शुक्रवार होता.

मागे सगळे कारखाने बंद. साडेबारा झाले. एक झाला. दोन झाले. बाया कुजबुजायला लागल्या, आईने हुंदका आवरला, आणि आवडीबाई कान देऊन बसून राहिली. भोंगा झाला असता तर ती म्हणाली असती, यावर माझा आजही विश्वास आहे. चारला आम्ही आण्णांना तसंच नेलं. मुठीसकट.

दुसऱ्या दिवशी बबन राख सावडायला गेला. लोखंड काही जळत नाही. पण ठोकळा सापडला नाही.

दोन वर्षांनी आवडीबाईही गेली.

त्यानंतर मी लग्न होऊन बदलापूरला आले, मांजर्लीत. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. कॅबिनेट मात्र माळ्यावर आहे. आण्णांच्या हातचं शेवटचं काम, टाकवत नाही.

शुक्रवारी घरात कुणी नसलं, टीव्ही-मिक्सर बंद असला, की साडेबाराच्या आसपास माळ्यावरून आवाज येतो...

टक टक.

चांगोकाका दारावर वाजवायचा तसा हा वाजत नाही. हा जड आहे, सावकाश आहे. म्हाताऱ्या हाताचा आहे.

मी खाली उभी राहून रडते. "सोडा" म्हणून पाहते. पण म्हणायचा हक्क जिला होता ती गेली, आणि आतला अजून वाट बघतोय.

माझी मुलगी आता कामात मदत करते. काल पडदा लावताना स्टुलावरून दांडी पुढे करत म्हणाली, "आई, हे धर ना जरा."

मी हात मागे घेतले. म्हटलं, "खाली ठेव. मी घेते."