थांबवलेलं सोडून उठू नये

तार काढलीस? बोर्ड थांबवलेला असताना?

लाव परत. आधी लाव, मग दात काढ. आता त्याला म्हण, ‘चल’. डबीवरचा दिवा हिरवा झाला? मग आता काढ. इतकी साधी गोष्ट रोज सांगतो आणि तुमच्या डोक्यात शिरत नाही, पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. शटर अर्धं खाली घ्या. टेबलावरचा दिवा राहू दे, बाकीचे घालवा. स्टुलं ओढा. तुम्हाला वाटतं म्हातारा कटकट्या आहे. आहेच. पण का आहे, ते आज ऐकून घ्या. ऐकल्यावर एकट्याने घरी जायची भीती वाटली तर दोघं-दोघं जा, मी काही सोडायला येणार नाही.

तीन वर्षं झाली. डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्री साडेनऊला आमचा धाकटा घरातून निघाला. धाकटा म्हणजे मास्तरांचा धाकटा चेला. थोरला मी. समोर ते बंद दुकान आहे ना, पाटी अर्धी गंजलेली, ते त्याचं. मास्तरांच्या ह्या दुकानाच्या बरोबर समोर त्याने ते टाकलं होतं, आणि निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेली. मास्तरांनी त्याला भर रस्त्यात सांगितलं होतं, “हात तुझे नाहीत, माझे आहेत. एक दिवस परत मागेन.” त्यानंतर दोघं बोलले नाहीत. पुढे मास्तर गेले, कामाच्या टेबलावरच, हातात चिमटा धरून. धाकटा तिकडे फिरकलासुद्धा नाही.

तर त्या रात्री तो मास्तरांच्याच घरी निघाला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. अडचण ताईची होती. आई गेल्यावर ह्याला वाढवलं ते ताईने. तिची फुप्फुसं कामातून गेलेली, रात्री झोपेत श्वास द्यायला मशीन लागायचं. ते मशीन त्या दिवशी बंद पडलं. मोटर ठणठणीत, पण मेंदू कोरा, चिपमधला प्रोग्रामच पुसला गेलेला. कंपनी म्हणाली, पंधरा दिवस लागतील. डॉक्टरांनी एक सिलिंडर दिला आणि सांगितलं, हा सकाळपर्यंत पुरेल. दुसरा शहरात कुठे मिळेना.

प्रोग्रामची प्रत धाकट्याकडे होती, असलं एक मशीन त्याने आधी दुरुस्त केलं होतं. तो चिपमध्ये भरायला काय लागतं? तुम्ही रोज वापरता तेच, डिबगर. चिपची नाडी धरणारं सॉफ्टवेअर. थांब म्हटलं की चिप थांबते, चल म्हटलं की चालते, थांबलेली असताना तिच्या डोक्यात हवं ते भरता येतं. उघडा माल तो, सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, कुणीही घ्यावा, आपली भर घालावी, आपल्या घरी बांधून चालता करावा. पण ही चिप विचित्र, तयार सॉफ्टवेअरला तिची ओळखच नव्हती. ती ओळख लिहिली होती एकट्या मास्तरांनी, आणि कुणाला दिली नव्हती. आधीचं मशीनसुद्धा धाकट्याने त्यांच्याच टेबलावर बसून केलं होतं, शिकत असताना. उघड्या मालाला कुलूप लावणारा माणूस!

मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, दार चार बोटं उघडलं. धाकट्याने सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि मास्तरांचा जुना लॅपटॉप आणि त्यांची डबी घेऊन आल्या. डबी म्हणजे कॉम्प्युटर आणि बोर्ड यांच्या मध्ये लावतो ती, हिरव्या-लाल दिव्याची.

“सकाळी आणून देतो, काकू,” धाकटा म्हणाला.

“परत आणू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

दहाला तो ताईचं मशीन उघडून दुकानात बसला. भाच्याला त्याने घरी पाठवलं होतं, आईजवळ बसायला. फोन लावून स्पीकरवर टेबलावर ठेवला, म्हणजे हात मोकळे. पुढचं सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर भाचा फोनवर ऐकत होता, आणि पडद्यावरच्या ओळी नंतर मी स्वतः वाचल्या.

“मामा, किती वेळ?”

“झालंच रे. ताईला म्हणावं, उद्या मला शिव्या द्यायच्यात, त्यासाठी दम राखून ठेव.”

मागून ताईचं हसू ऐकू आलं. मग खोकला.

धाकट्याने मास्तरांचं फोल्डर उघडलं. बांधायच्या आधी ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरची झडती घेतं, तुम्हाला माहीतच आहे. इंग्रजीत ओळी पळतात, मी मराठीत सांगतो. कंपायलर आहे का… आहे. यूएसबीची लायब्ररी आहे का… आहे. लिहायला जागा आहे का… आहे. अशा दोनशे ओळी, कोण वाचतो? शेवटची मात्र त्याच्या नजरेत आली.

तो एकटा आहे का… आहे.

धाकट्याला वाटलं, मास्तरांची थट्टा. मास्तरांनी आयुष्यात थट्टा केल्याचं मला आठवत नाही.

आणि इथे त्याने चूक केली. मास्तर म्हणायचे, दुसऱ्याच्या चुलीवर शिजवायचं तर आधी त्याची भांडी घासून घे. म्हणजे दुसऱ्याच्या फोल्डरात बांधायचं असेल तर आधीचे बांधलेले तुकडे सगळे पुसायचे, मग पहिल्यापासून बांधायचं. अर्धा तास जातो. धाकट्याने तो अर्धा तास वाचवला. ताई तिकडे खोकत होती, मी तरी काय वेगळं केलं असतं? त्याने तसंच बांधायला सांगितलं, आणि उत्तर आलं: करण्यासारखं काही उरलं नाही. सगळं तयार आहे.

मग त्याने ते मास्तरांनीच बांधून ठेवलेलं बसवलं. बसवताना पासवर्ड मागितला, तोही दिला. पूर्ण घराची किल्ली देतो आपण त्या वेळी. कुणाला देतोय, बघतो का?

डबी लावली. तार बोर्डाला जोडली. सॉफ्टवेअर सुरू केलं. ते आधी मोजतं, तारेच्या त्या टोकाला किती चिपा आहेत.

दोन सापडल्या.

बोर्डावर एकच चिप होती. धाकट्याने भिंग लावून पाहिलं. एकच. तार काढून परत लावली. दोन. एक नंबर चालू, दोन नंबर चालू. असेल काही खोट, म्हणाला, आणि वेळ नको जायला म्हणून सरसकट हुकूम दिला: सगळे थांबा.

दिवा लाल झाला. एक थांबली. दोन थांबली. त्याने प्रोग्राम शोधायला घेतला.

“मामा…”

“काय रे?”

“आई… मामा, आई श्वास घेत नाहीये. आई! सिलिंडर चालू आहे, मामा, पण ती…”

धाकट्याने पडद्याकडे पाहिलं. दोन: थांबलेली.

त्याला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. हात आधी तारेकडे गेला, ओढून काढावी म्हणून. आणि तिथेच अडला. आम्हा दोघांच्या बोटांवर मास्तरांनी चिमट्याने मारमारून एक गोष्ट शिकवली होती. थांबवलेलं सोडून उठू नये. थांबलेल्या चिपची तार काढलीस तर ती थांबलेलीच राहते. आधी चालव, मग काढ.

त्याने लिहिलं: सगळे चला.

दिवा हिरवा. फोनमधून एक लांब श्वास ऐकू आला, पाण्यातून वर आल्यावर माणूस घेतो तसा. भाचा रडत होता.

“काही नाही, ठीक आहे,” धाकटा म्हणाला. “तू फोन ठेवू नकोस.”

त्याने फक्त एक नंबरला थांबायला सांगितलं. एक थांबली. दोन चालू. बरं. प्रोग्राम भरायला लावला, तेवढ्यात पडद्यावर ओळ आली.

नवी जोडणी स्वीकारली.

म्हणजे दुसरं कुणीतरी डिबगरला जोडून हुकूम द्यायला लागलं होतं. कुठून? ओळीतच लिहिलं होतं: याच कॉम्प्युटरवरून. नेटची तार लावलेलीच नव्हती. कीबोर्डवर हात होते ते धाकट्याचेच.

दोन: थांबलेली.

“मामा!”

त्याने चालवली. परत थांबली. चालवली. थांबली. फोनमध्ये श्वास… नाही… श्वास… नाही… तो चालवतोय, आणि समोरचा थांबवतोय. घाई नाही, राग नाही. चिमटा मारायचे मास्तर, तसं. एक. मग एक.

“मास्तर?” धाकटा म्हणाला.

“मास्तर, माझं चुकलं असेल. तिने काय केलंय तुमचं?”

दोन: थांबलेली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर माणूस जळून आठ महिने झाले होते.

धाकट्याने चालवली. मग त्याने कीबोर्डवरून हात उचलले, आणि म्हणाला. भाच्याने शब्द न् शब्द ऐकलाय. “हात मागायचे होते ना? घ्या. पण तिला सोडा.”

मग ओळ आली. तीन सापडल्या.

तीन नंबर चालू. धाकट्याने डबीकडे पाहिलं असावं. कारण भाच्याला तो पुटपुटताना ऐकू आला, “हा तर माझ्या श्वासाबरोबर लुकलुकतोय…”

“मामा, काय?”

“ऐक. ताई कशी आहे?”

“झोपली. नीट श्वास चाललाय. मामा, काय झालं होतं?”

“तिला सांग…”

आणि पुढे काही नाही.

“मामा?”

पंख्याचा आवाज. मशीनची मोटर सुरू झाल्याचा आवाज. भस्स… भस्स… मामाचा नाही.

भाचा धावत आला, घर दोन गल्ल्या पलीकडे. धाकटा खुर्चीत ताठ बसलेला. डोळे उघडे. नाडी चालू, अगदी छान चालू. छाती मात्र हलत नव्हती. टेबलावर ताईचं मशीन दुरुस्त होऊन व्यवस्थित वारं फेकत होतं. पोराने डोकं चालवलं, शाबास त्याची, मशीनचा मास्क उचलून मामाच्या तोंडावर दाबला. छाती वर आली. खाली गेली. मामा जगला.

पडद्यावर शेवटी तीन ओळी होत्या. एक: चालू. दोन: चालू. तीन: थांबलेला.

पोराला त्यातलं काय कळणार? मशीन बोर्डाच्या तारेला अडकलेलं, आणि मामाला तर गाडीत घालायचं. त्याने…

हो. तार ओढून काढली.

मी पोचलो तेव्हा लॅपटॉपवर पहिल्यापासूनच्या सगळ्या ओळी गोठून होत्या. मी वाचल्या, खाली हुकूम लिहायला हात पुढे केला, तर पडदा गेला. पुन्हा उघडला तेव्हा आत काही नाही, फोल्डर नाही, सॉफ्टवेअर नाही. नंतर मी मूळ सोर्स आणून पहिल्यापासून बांधलं, भांडी घासून, कोऱ्या फोल्डरात. चिपची ओळख स्वतः लिहिली, त्यात माझं वर्ष गेलं. ताईचं ते मशीन जोडलं. एक सापडते. फक्त एक. मी रोज ‘सगळे चला’ लिहायचो. एक चालायची.

धाकटा अजून तसाच आहे. ताईच्या घरी, खाटेवर, तिच्याच मशीनवर. डॉक्टर येतात, मान हलवतात, जातात. आणि ताईला त्या रात्रीपासून मशीन लागलं नाही. जिने चढते. त्याला भरवते, पुसते, आणि शिव्या देते, दमभर. दम आहे ना आता. मला ते ऐकवत नाही, मी कारण काढून उठतो.

ताई रोज दुकान बंद व्हायच्या वेळी इथे येते ना, माझ्या टेबलाचा खालचा कप्पा उघडते, बघते, आणि न बोलता जाते? तुम्ही विचारलं होतं मला, त्या बाई काय शोधतात म्हणून. मी तुम्हाला हाकललं होतं.

या, बघा. लांबून. तू मागे हो.

ही मास्तरांची डबी. हिला तार नाही, बघ, दोन्ही बाजूंना नाही. आत बॅटरी नाही, मी उघडून पाहिलीय. ह्या कप्प्यात पडून तीन वर्षं झाली.

दिव्याचा रंग सांगा.

…लाल. हो.

ती बघायला येते, हिरवा झाला का म्हणून.