तांडेलाची निजायची फळी

माघातल्या त्या सोमवारी सुगंधा मालवणच्या बंदरावर आली तेव्हा उद्यापनाचं सगळं सामान तिच्याबरोबर होतं. पाच नारळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेल, तूप, तांदूळ आणि भटजींसाठी कोरं धोतर. नवऱ्याचं, गुरुदासाचं, गलबत मंगळूरची कौलं भरून मुंबईला निघालं होतं. वाटेत कुणकेश्वरासमोर नांगर टाकायचा, महादेवापाशी व्रत पुरं करायचं, मग गुरुदास पुढे जाईल आणि ती मिठबावला मावसबहिणीकडे, जानकीकडे, दोन दिवस राहून परत येईल. काम म्हणाल तर एवढंच.

व्रत होतं भावासाठी. बाबली तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, आई गेल्यावर तिनेच भरवून-न्हाणून मोठा केलेला. मेहुण्याच्याच गलबतावर तो खलाशी म्हणून चढला. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात गलबत आचऱ्यासमोर खडकावर चढलं. बाकी सगळे होडीतून किनाऱ्याला लागले, बाबली तेवढा आला नाही.

"लाट इली आणि तेका घेवन गेली," गुरुदासाने सांगितलं होतं. "माझो हात पावाक नाय गो."

प्रेत काही मिळालं नाही. आणि प्रेत मिळालं नाही तर माणूस गेला असं कसं म्हणायचं? कोण्या मचव्याने उचलला असेल, वेरावळला उतरवला असेल, डोक्याला मार लागून नाव-गाव विसरला असेल. सुगंधाने देवाला सांगून टाकलं, बाबली येईपर्यंत अंथरुणाला पाठ लावणार नाही, शंभर सोमवार पाणी घेईन तेही दिवे लागल्यावर, आणि पुढच्या दाराला कडी घालणार नाही. रात्री-अपरात्री आला तर दारावर थाप मारायची पाळी त्याच्यावर नको.

गुरुदास मुंबईहून येई, लोटलेलं दार बघे, भुईवर पदर पसरून निजलेली बायको बघे, आणि काही बोलत नसे. सुगंधाला वाटे, किती जाणता माणूस पदरात घातलास देवा!

गलबतावर ती आज पहिल्यांदाच चढत होती. तरी तिथली एक जागा तिला डोळे मिटून ठाऊक होती, ती म्हणजे तांडेलाची, म्हणजे गुरुदासाचीच, निजायची फळी. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी गुरुदासाने तिला ते सगळं हौसेने समजावलं होतं. "जमनीर माणसाक रुंद खाट बरी. दर्यात रुंद खाट म्हंजे रातभर लोळान हाडां मोडून घेवची. फळी कशी होयी, खांद्याएवढीच. गलबताच्या लांबीत, आडवी न्हय. एका अंगाक गलबताची भिंत, दुसऱ्या अंगाक कापड. मगे लाट किती हालवांदे, आवशीच्या झोळयेत निजल्यासारख्या वाटता."

तिने दोऱ्याने त्याचे खांदे मोजले होते आणि सावरीचा कापूस भरून तेवढ्याच रुंदीची गादी केली होती. सावर लवकर भिजत नाही. उघड्या अंगाचं कापडही तिनेच शिवलं, हिरव्या लुगड्याच्या तीन घड्या घालून. वर लाकडात तीन कड्या होत्या, कापडाचे तीन बंद त्यांत बांधायचे.

"गाठी भायरच्या अंगाक," गुरुदास म्हणाला होता. "झोपेत माणूस सोडता आणि पडता."

कापडाच्या काठात तिने आदल्या वर्षीचा अनंताचा दोरा शिवून टाकला. शेषावर निजून जो दर्यात बुडत नाही, त्याच्या त्या चौदा गाठी. दर अनंत चतुर्दशीला गुरुदासाच्या दंडावर नवा तांबडा दोरा तीच बांधी. दोन वर्षांपूर्वीचा दोरा मात्र तो हरवून आला होता. खडकावर आपटलो तेव्हा दर्यात गेला, म्हणाला.

सकाळी मतलई वाऱ्यावर गलबत झकास निघालं. म्हातारा दाजी गलबतावर जेवण रांधी, तसा सगळ्यांत जुना खलाशीही तोच. त्याने सुगंधाला शिडाच्या सावलीत बसायला पाट दिला.

"वयनी, देवाक सांग, वारो पडांदे नको. नायतर तुज्या घोवाक दर्याक शिवी दिल्याबिगर रवाक येणा नाय."

"देवाकडे माझा एकच काम आसा, दाजी. तेच्यात तुझा वाढवू नको."

दाजी हसला, मग तिच्याकडे पाठ करून चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे करत बसला.

आणि वारा पडलाच. सूर्य डोक्यावर आला आणि शीड डोलकाठीला ओल्या धोतरासारखं चिकटलं. गलबत पुढे जाईना, नुसतं डाव्या-उजव्या अंगावर लोळू लागलं. पाणी काचेसारखं, ऊन वरूनही आणि खालूनही. उपाशीपोटी सुगंधाला ढवळून आलं. दोनदा ओकारी झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मी जरा फळयेर पडतंय," ती म्हणाली.

"थंय नको." सुकाणूवरून गुरुदास पटकन म्हणाला. "भितर वारो नाय. हयच पड."

"तुमीच म्हणा होतात मां, तसली झोप राजाकसुद्धा मेळाची नाय."

"म्हटलंय मां नको म्हणान!"

त्याचा आवाज चढला तसे दोघे खलाशी मान वळवून दुसरीकडे बघू लागले. "तांडेल आपण तरी खंय निजता थंय," त्यांतला एक पुटपुटला. "दोन वर्सां उघड्यार पडता." दाजीने त्याला डोळ्यांनी दटावलं.

सुगंधाला वाटलं, उन्हाने तापलाय बिचारा. तिला बसवेना तसं पदर तोंडाला लावून ती मागच्या अंगाच्या बुटक्या खोलीत वाकून शिरलीच.

फळी गुरुदासाने सांगितली होती तशीच होती. मऊ गादी, हिरवं कापड खाली सोडलेलं, उशाच्या वर भिंतीत एक लहानसं फडताळ. भावासाठी अंथरूण सोडलेलं, म्हणून तिने मनातल्या मनात देवाची माफी मागितली. घटकाभरच, आजाऱ्याला चालतं. ती कलंडली. दोन्ही बाजूंनी लाकडा-कापडाने अंग अलगद धरलं आणि पोटातलं ढवळणं खरंच थांबलं. गुरुदास खोटं बोलला नव्हता. एक गोष्ट मात्र तिला उमगली नाही. गादी ऊबदार होती. कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

जाग आली तेव्हा कापड बांधलेलं होतं.

तिन्ही बंद वर ताणलेले, कापड छातीला टेकलेलं. तिला आधी बरंच वाटलं. रागावला तरी येऊन बांधून गेला माझा माणूस! मग तिला वास आला. घामेजलेल्या तापाचा, गवती चहाच्या काढ्याचा. आणि डोक्यावरच्या फळ्यांवर माणसं धावत होती.

पाण्यावर झुळूकही नव्हती, मग धावतात कशाला?

गलबत एकदम खालून उचलल्यासारखं झालं आणि आपटलं. लाकूड कण्हलं. वर कोणीतरी ओरडलं, "होडी... होडी सोडा!" मग खाली, अगदी कानाशी, पाणी शिरल्याचा आवाज. घागर भरताना येतो तसा, चढत चढत जाणारा.

"ओ..." तिने हाक मारली. जीभ जड झाली होती, शब्द लोळत होते. "ओ, कोण आसा?"

दार उघडलं. उजेडाची पट्टी पडली. आणि कापडाच्या वरून, तिच्या तोंडावरून, एक हात आत आला. दंडावर तांबडा दोरा होता, त्याला गाठ तिच्या हातची. हात उशावरच्या फडताळात गेला, चाचपला, गलबताच्या कागदांचा पत्र्याचा डबा त्याने काढला.

तिने तो दंड घट्ट धरला. तिने की आणखी कोणी, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं.

हात थांबला. क्षणभर नुसता थांबला. मग दुसरा हात आला आणि त्याने तिची बोटं एक एक करून सोडवली. हळू... न दुखवता... निजलेल्या पोराच्या मुठीतून पदर सोडवतात तशी. दार लागलं. वरची पावलं एका बाजूला गेली, होडीत उतरली, संपली.

मग गादी हलली. तिच्यासकट गादी हळूहळू वर उचलली जात होती, सावर पाण्यावर तरंगते तशी, वरच्या फळ्यांकडे...

किंकाळी ऐकून दाजी आला. त्याने गाठी सोडल्या आणि तिला ओढून उन्हात आणलं. खोली कोरडी होती. शीड तसंच लोंबत होतं. गुरुदास सुकाणूवर होता, तिथून तो हललाच नव्हता.

"कोणी बांधल्यान माका?" तिने विचारलं.

दाजी मागे सरकला. तो तिच्या मुठीकडे बघत होता. सुगंधाने मूठ उघडली. तुटलेला, खाऱ्या पाण्याने ओलाचिंब तांबडा दोरा.

ती तशीच चालत नवऱ्यासमोर गेली आणि हात पुढे केला. "हो दर्यात गेलो म्हणा होतात."

गुरुदासाच्या हातून सुकाणू सुटलं.

"बाबली खंय होतो, ओ? डेकावर, की त्या फळयेर?"

त्याने सुटलेलं सुकाणू पुन्हा धरलं. मग गुरुदास मान खाली घालून म्हणाला, "ताप होतो तेका. शुद्ध नव्हती. पडांदे नको म्हणान मीच बांधलंय. खडकार चढला आणि पाणी असा इला... कागद नाय तर गलबत नाय, आणि गलबत नाय तर आमी सगळे रस्त्यार. उचलूक दोघे लागले असते. होडी थांबा नव्हती."

"तेची बोटां सोडवूक येळ होतो," सुगंधा म्हणाली. "आणि तीन गाठी सोडवूक नव्हतो?"

त्याचा हात आपसूक दंडावरच्या दोऱ्याकडे गेला.

"आणि प्रेत?"

दाजी रडू लागला. "तिसऱ्या दिसा गलबत खडकावरसून काढला, वयनी. तो थंयच होतो. भायर दर्यात न्हेऊन सोडलो. माका तांडेलान शपथ घातल्यान."

दोन वर्षं. शंभर सोमवार. लोटलेलं दार. सुगंधा नवऱ्याकडे बघत राहिली.

"तुमी सगळा बघीत होतात."

"तुका आशा होती गो," गुरुदास म्हणाला. "ती मी कशी मोडू?"

हे त्याने इतक्या मायेने म्हटलं की सुगंधाच्या अंगावर काटा आला. या माणसाला ती रोज ओवाळत होती.

ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "फाल्यां सकाळी उद्यापन नाय. बाबलीचा दिवसकार्य. तुमच्या हातान."

तो हो म्हणाला. सुटल्यासारखाच म्हणाला.

संध्याकाळी खारा वारा आला, कुणकेश्वरासमोर नांगर पडला. सकाळी दाजीने सगळ्यांना होडीतून किनाऱ्याला सोडलं आणि तो एकटा गलबत राखायला परत गेला. भटजींनी देवळाखालच्या वाळूत मांडामांड केली आणि गुरुदासाला समुद्रात स्नान करून यायला सांगितलं.

सुगंधा काठावर उभी होती. गुरुदास गुडघाभर पाण्यात गेला, हात जोडले, आणि सावकाश उताणा आडवा झाला. बुडाला नाही, धडपडला नाही. पाय जुळवून, हात अंगाशी घेऊन तो अरुंद जागेत निजावं तसा पाण्यात निजला. लाट तोंडावरून गेली तरी डोळे मिटलेलेच.

कितीही झालं तरी तिचं मन मऊ. ती लुगड्यासकट पाण्यात धावली, खलाशांनी त्याला ओढून वाळूत आणला. श्वास संथ चालू होता. त्याला गाढ झोप लागली होती. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर चापट्या मारल्या.

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघून लहान मुलासारखा हसला.

"बाय," तो म्हणाला. "इलंय गो."

बारा वर्षांच्या संसारात गुरुदासाने तिला या नावाने कधी हाक मारली नव्हती. बायकोला कोण बाय म्हणतो? बाय म्हणतात थोरल्या बहिणीला. त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. सुगंधाचा हात त्याच्या केसांत थांबला, आणि मग आपोआप फिरू लागला.

एवढ्यात होडी वाळूला आपटली. दाजी पाण्यातच उतरला, वल्हंही टाकून आला. मांडीवरचं डोकं बघून तो जागीच थिजला.

"तांडेल हय आसा?"

"सकाळपासून हयच आसा. तूच मां होडयेतसून हाडलंस," सुगंधा म्हणाली.

"मगे..." दाजीने वळून गलबताकडे पाहिलं. "मगे आत्ता फळयेवरसून माका हाक कोणी मारल्यान? आवाज तांडेलाचो, वयनी. 'दाजी, पाणी येता... गाठी सोड...' कापड बांधलेला आसा, भितर कोणतरी हालता. माका हात लावूक धीर नाय झालो." तो थांबला. "जावन सोडू?"

सुगंधाने समुद्राकडे पाहिलं. वारा नव्हता, लाट नव्हती. गलबत सकाळी होतं त्याहून हातभर खाली बसलं होतं.

मग तिने मांडीवरच्या तोंडावरचं खारं पाणी पदराने टिपलं.

"आदी हेका घराक न्हेऊया," ती म्हणाली.

वाळूतून भटजींनी हाक मारली. पिंड तयार होता. नाव कोणाचं घ्यायचं, ते विचारत होते.