कॉर्नेलचा नंबर

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय, आणि त्याला हसणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

गाव बाकाऊ, रोमानियातलं. नोव्हेंबरातला पितरांचा शनिवार.

लिव्यू, म्हणजे हा मावसभाऊ, फ्रीज विकणाऱ्या कंपनीत होता. त्याचा साहेब कॉर्नेल उन्हाळ्यात गाडीच्या अपघातात गेला. तेव्हापासून लिव्यूचा त्या खुर्चीवर डोळा. शुक्रवारी संध्याकाळी मालकीणबाईंनी, स्टेलुत्सा मॅडमनी, त्याच्या हातात नवाकोरा स्मार्टफोन ठेवला.

"कंपनीचा आहे. शनिवार-रविवार वापरून बघ. नंबर कॉर्नेलचाच ठेवलाय, गिऱ्हाइकांना तोच पाठ आहे. सोमवारी पसंत म्हणालास की फोनही तुझा, खुर्चीही तुझी."

लिव्यू हवेत तरंगतच घरी आला.

जेवायला बसला आणि फोन वाजला.

स्क्रीनवर नंबर दिसत होता… त्याच फोनचा.

"हॅलो?"

नुसता श्वास… मग आवाज.

"माझा फोन खाली ठेव."

"दोरू, फाजीलपणा पुरे हां!" दोरू म्हणजे ऑफिसातला चेष्टेखोर.

"दोरूला कशाला मध्ये ओढतोस? माझ्या मयताला आला नाहीस. खुर्चीला मात्र बरोबर आलास."

आवाज कॉर्नेलचा होता.

लिव्यूनं फोन बंद केला.

बंद फोन वाजतच राहिला…

बायको ओटिलियाचं तोंड पांढरं पडलं, पण जीभ शाबूत होती. "हौस आहे ना साहेब व्हायची? मग उद्या चर्चमध्ये जा आणि मेणबत्ती लाव त्याच्या नावानं. शांत होईल मेला."

शनिवारी चर्चच्या अंगणात ही गर्दी! तिथे मेणबत्त्या लावायला दोन पेट्या असतात. एक जिवंतांची, एक मेलेल्यांची. शेंबडं पोरसुद्धा त्यात गफलत करत नाही. लिव्यू लोकांना कोपरानं सारत पुढे सरकत होता, तेवढ्यात खिशात फोन खणखणला.

"लाज आहे का काही?" एक म्हातारी खेकसली. "देवाच्या दारात धंदा करताय?"

सगळे वळून बघायला लागले. लिव्यू शरमेनं लालेलाल झाला. हाताशी होती त्या पेटीत त्यानं मेणबत्ती खोचली, कॉर्नेलचं नाव पुटपुटला आणि सटकला.

फोन गप्प झाला.

दिवसभर गप्प. गिऱ्हाइकाचाही एक फोन नाही. लिव्यू शीळ घालत हिंडत होता.

रविवारी दुपारी सारमाले, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, वाढताना ओटिलियानं सहज विचारलं, "मिळाली का रे जागा, मेलेल्यांच्या पेटीत?"

त्याचा घास हातातच राहिला. "मी… अलीकडच्या पेटीत लावली."

"अलीकडची जिवंतांची असते, लिव्यू."

आणि फोन वाजला.

एक दुकानदार होता. "कोण तुम्ही? कॉर्नेल साहेबांचा फोन तुमच्याकडे कसा? ते आत्ताच येऊन गेले. ऑर्डर घेतली, म्हणाले फोन चोरीला गेलाय."

"अहो, साहेब वारले!"

"काहीतरीच काय! माझ्यासमोर बसून कॉफी प्यायले. लिव्यूचा पत्ता विचारत होते. मला माहीत होता. दिला."

ओटिलियानं धावत जाऊन दाराची साखळी लावली.

जिन्यावर पावलं वाजली… वर आली… त्यांच्याच दाराशी थांबली.

बेल नाही. टकटक नाही.

नुसता श्वास…

लिव्यूला रडू फुटलं. साखळी न काढता त्यानं दार बोटभर उघडलं आणि फोन बाहेर धरला. "घे बाबा. फोनही घे, खुर्चीही घे. दोन घास सुखानं खाऊ दे फक्त."

बाहेर कोणी दिसलं नाही.

फोन मात्र हातातून हिसकावला गेला.

सोमवारी तो मॅडमना भीत भीत म्हणाला, "फोन हरवला."

"हरवला कसा? कॉर्नेलच्या टेबलावर चार्जिंगला लावलाय की सकाळपासून!"

लिव्यूनं तिथल्या तिथे राजीनामा दिला. आता परगावी टॅक्सी चालवतो. फोन कुणाचाच उचलत नाही, माझासुद्धा.

कंपनी मात्र जोरात आहे. परवा बाकाऊला गेलो होतो. राहवलं नाही, आत शिरून मॅडमना विचारलं, ती जागा अजून रिकामी कशी?

"रिकामी कुठाय?" त्या चिडून म्हणाल्या. "आणि हळू बोला. साहेब फोनवर आहेत."

मी वळून बघितलं नाही.