कुणाची गं तू?

झिवकोनं चहाचा घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"बाईसाहेब, हा चहा आहे की पाक?"

काउंटरमागच्या नेवेनाला घाम फुटला. बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या त्या बेकरीत तिचा हा तिसराच दिवस. ती वाढली अनाथालयात, आणि तिथं चहा मोठ्या पातेल्यातून गोडच यायचा. साखर ज्याला त्याला विचारून घालतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. सकाळीच तिनं अख्ख्या किटलीत साखर ओतली होती.

"असाच असतो," ती ठसक्यात म्हणाली. "वार्नाला... आमची आई असाच करते."

आई! थाप तोंडातून गेली ती गेलीच.

"मग आईंना सांगा, माझा एक दात गेला म्हणून." तो हसला, कप रिकामा केला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

ट्रॉलीबसच्या तारा दुरुस्त करणारा हा पोरगा महिनाभर रोज आला. कधी जांभळ्या फुलांची लायलॅकची फांदी घेऊन, कधी नुसताच. त्याला उशीर झाला की नेवेनाचे पाव करपायचे.

मग मे महिन्यात त्यानं विचारलंच, "संत जॉर्जच्या सणाला आमच्या गावी येशील? आईला तुला बघायचंय."

खेड्यात नव्या माणसाचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, कुणाची गं तू? अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतल्या मुलींना जिथं खोली मिळते, तिथल्या राद्काताईंनी तिला भाजी निवडायला, डॉक्टरकडे नंबर लावायला शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच शिकवलं नव्हतं. आणि खरं कळल्यावर हा तरी थांबेल का?

तरी ती गेली. त्याच्या घराच्या फाटकापाशी मात्र तिचे पाय अडले.

"झिवको... वार्नाला माझं कुणी नाही. मी अनाथालयातली आहे. परत जा म्हणालास तरी चालेल."

त्यानं फाटकावरचा हात काढला.

"म्हणजे महिनाभर फसवलंस मला?"

"हो."

"मीही फसवलं. तुझी बेकरी माझ्या वाटेवर नाहीच मुळी. दोन स्टॉप उलटा चालत यायचो... वेड्यासारखा!"

ती हसली, आणि हसता हसता रडलीही. तेवढ्यात पिठाचे हात पुसत त्याची आई अंगणात आली.

"आलात? ये गं बाळ. कुणाची गं तू?"

झिवको पुढे झाला, पण नेवेनानं त्याचा हात दाबला. ती स्वतःच बोलली.

"आजवर कुणाचीच नव्हते, काकू. माझी मीच. पण... तुमचा मुलगा हो म्हणाला, तर त्याची व्हायचं म्हणते."

आई लेकाकडे वळली.

"मेल्या, पोरीला विचारायला लावलंस होय? बघतोस काय, बोल की आता!"