कॅमेरा पसंत पडू नये म्हणून

"दोन मिनिटं थांबा हं... माझे हात अडकलेत."

भाविका दुकानात शिरली, तर काउंटरमागे एक मुलगा बसलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पिशवीत, आणि नाकावर माशी!

"पिशवीत रोल उघडा आहे. हात काढला तर आत उजेड जाईल," तो नाक मुरडत म्हणाला. "राग येणार नसेल तर... तेवढी माशी?"

भाविकाने ओढणीचं टोक झटकलं. माशी उडाली आणि फिरून तिथेच बसली.

"हिला अख्ख्या धुळ्यात दुसरं नाक मिळालं नाही वाटतं," ती म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसले.

ती मावशीकडे आली होती. शोकेसमधला जुना कॅमेरा दिसला म्हणून पाय थबकले. जळगावात मेहरूणला खोली घेऊन ती फोटोग्राफी शिकत होती. पहिलं वर्ष फिल्मवरच काढायचं, हा सरांचा हट्ट. नवा परवडेना, आणि जुना पारखायचा कसा, ते कळेना.

त्या मुलाचं नाव हितेंद्र. स्टुडिओ त्याच्या काकांचा, रतिलालनानांचा. त्याने तीन कॅमेरे पुढ्यात मांडले. "चकाकीवर जाऊ नका. लेन्स उजेडात धरा, आत बुरशी दिसते का बघा. मागचं दार उघडून पडदा नीट हलतो का बघा. आणि आमच्या नानांची रीत अशी, की कॅमेरा घेऊन जा, एक रोल काढा, इथेच धुवू. फोटो पसंत पडले तरच कॅमेरा घ्या."

"म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रमच की!"

"तिथे नकार लवकर कळतो."

"अनुभव दिसतोय..."

"ऐकीव आहे हो!" तो कानापर्यंत लाल झाला.

पहिल्या कॅमेऱ्याचा पडदा अडकायचा. निम्मे फोटो काळेच आले. दुसऱ्यात रोल पुढे सरकेना, फोटोवर फोटो चढला. मैत्रीण मोनालीच्या खांद्यांवर म्हशीचं डोकं उमटलं! दोघं पोट धरून हसले. डार्करूमच्या लाल उजेडात, ट्रेमधल्या पाण्यासारख्या द्रावात चित्र हळूहळू वर येताना, त्यांच्यातलं 'तुम्ही' कधी 'तू' झालं, कुणालाच कळलं नाही.

आता उरला तिसरा.

तो घेऊन परतताना बसमध्ये भाविकाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पारोळा आलं, गेलं. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. 'चांगला निघू दे रे देवा,' ती मनात म्हणाली... आणि लगेच, 'पण इतक्यात नको.' चांगला निघाला तर पुन्हा धुळ्याला कशाला यायचं?

त्याच आठवड्यात गावी, सावद्याला, घरची केळी कापायला आली. पप्पा, म्हणजे अभिमनभाऊ, मोबाईल समोर धरला की पाठ फिरवणारे! पण लेकीच्या शिक्षणाचा कॅमेरा म्हटल्यावर खांद्यावर घड घेऊन तिच्याकडे बघत चक्क हसले. सगळा रोल तिने बागेत संपवला.

आणि धुळ्याला रोल धुतला, तर प्रत्येक फोटोवर पांढरा पट्टा. पप्पांचं हसणं त्या पट्ट्याखाली गडप.

"कॅमेऱ्याच्या मागच्या दारातून उजेड शिरला," हितेंद्र खाली बघत म्हणाला. "हाही नाही जमला... अजून एक शोधू आपण..."

तेवढ्यात नाना आत आले. "काय व्हयनं वं पोरी?" त्यांनी फोटो पाहिले, मग कॅमेरा. "ह्याम्हा उजेड जाईच कसा? दारले काळा फोम मीच नवा लावेल शे!"

भाविकाने कॅमेऱ्याचं दार उघडलं. कडेची खाच कोरी, स्वच्छ पुसलेली. फोमचा कणही नाही.

नाना एकदा पुतण्याकडे, एकदा तिच्याकडे बघून बाहेर गेले.

"तू काढलास?"

"...हो."

"का?"

"हा चांगला होता, भाविका. एकदम चांगला. तू घेऊन गेली असतीस... आणि मग? मला वाटलं, तू कॉलेजात, तळ्यावर, असेच कुठले फोटो काढशील. पप्पांचे असतील, हे... शप्पथ, माहीत नव्हतं."

ती उठली. दारापर्यंत गेली. परत आली. रडू येत होतं, आणि बसमध्ये मागितलेलं ते चोरटं मागणंही आठवत होतं. त्याला जे करावंसं वाटलं, ते तिलाही वाटलं होतं. फक्त तिने फोम काढला नव्हता!

"नवा फोम लाव. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोमची पट्टी कापली, खाचेत बसवली. ती मान वाकडी करून बघत राहिली.

"हा मी घेतेय," ती म्हणाली. "म्हणजे आता इथे यायला मला काही कारण नाही."

त्याने मान खाली घातली.

"म्हणून तू यायचं. शुक्रवारी सावद्याला माझ्या काकांची केळीची बाग कापायची आहे. पप्पा पुन्हा घड उचलतील... आणि तूही उचलायचा. जुना शर्ट घाल, केळीच्या चिकाचा डाग निघत नाही."

हितेंद्रने दचकून वर पाहिलं. "सगळ्यांसमोर? आणि पप्पांनी विचारलं, हा कोण... तर?"

भाविकाने कॅमेरा गळ्यात अडकवला, त्याच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर नेम धरला, आणि गालात हसली.

"ते तूच सांग. मी फोटो काढत असेन."