आईकडे निघालेली ओतिलिया

सकाळी सहाला पुएब्लाहून निघालेली बस साडेदहाला वाहुआपानला पोचायची आणि सान मातेओची छोटी गाडी तिथून अकरा वीसला सुटायची. मधली पन्नास मिनिटं नासारियाची स्वतःची होती. पुएब्लात तिच्यामागे कवळ्यांचा रगाडा असायचा. शहरातले चार दंतवैद्य तिच्याकडूनच कवळ्या करून घेत. सान मातेओत थोरला भाऊ एलादियो होता. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी बहिणीच्या हातच्या जेवणाची अन् डोमिनोच्या डावाची वाट बघायचा. दोन्हीकडे तिचा जीव रमायचा. पण वाहुआपानच्या बसस्थानकावर तिच्यावाचून कुणाचंच काही अडत नव्हतं, आणि चोपन्न वर्षांच्या नासारियाला त्यातच मोठं सुख वाटायचं.

स्थानक साधंच होतं. पिवळट फरशी, ओळीने जखडलेल्या नारिंगी खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही, कोपऱ्यात ग्वादालुपेच्या मातेची तसबीर आणि तिच्याभोवती उघडझाप करणारे दिवे. डिझेलचा, गोड पावाचा आणि दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास. दोरीने बांधलेली खोकी, पिशवीतून मान बाहेर काढून बघणारी टर्की. गाड्या पहिल्या तीन दारांतून सुटायच्या. चार नंबरचं दार कायम बंद, म्हणून त्याच्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. नासारिया कॉफीचा पेला घेऊन तिथेच बसायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिथे एक म्हातारी बसलेली होती. ऐंशीच्या पुढची. मांडीवर ताडाच्या पात्यांची जुडी, आणि बोटं न बघता टोपीचा काठ विणत होती. या भागात निम्म्या बायका चालता-बोलता असं विणतात, त्यामुळे नासारियाने तिकडे लक्षही दिलं नाही. थोड्या वेळाने म्हातारीने भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पुडी तिच्यापुढे धरली.

"घे पोरी. मला चावत नाहीत. माझ्या वाटणीचं तू चाव."

ती हसली आणि नासारियाने सवयीने दात मोजले. तीन. वर एक पटाशीचा, खाली डावीकडे एक दाढ आणि उजवीकडे खालचा सुळा. सुळा किंचित आत वळलेला, टोकाशी टवका उडालेला. ताडाचं पातं त्याच दाताने तोडायची सवय असणार. नासारिया माणसांची नावं विसरायची, तोंडं मात्र विसरत नसे.

कुठे निघालात, असं तिने विचारलं. "आईकडे," म्हातारी म्हणाली आणि डोंगरापलीकडच्या कुठल्याशा वस्तीचं नाव घेतलं. गाडी याच दारातून सुटते म्हणे, येईल एवढ्यात. ऐंशी वर्षांच्या बाईची आई! वयाबरोबर डोकं थोडं सरकलंय, इतकंच नासारियाच्या मनात आलं. पण म्हातारी गोड होती, नाव ओतिलिया, आणि तिला बिया खायची हौस होती. नासारियाच्या पिशवीत मेणाच्या पट्ट्या होत्या. गरम कॉफीच्या पेल्यावर धरून तिने एक मऊ केली आणि तिथल्या तिथे म्हातारीच्या दोन्ही हिरड्यांचा ठसा घेतला. पुढच्या खेपेला कवळी आणते आजी, असं कबूल करून ती गाडीत चढली. दिवसभर तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पंधरा दिवसांनी ती कवळी घेऊन आली. ओतिलिया त्याच खुर्चीत होती. "उघडा बघू तोंड," नासारिया म्हणाली आणि थांबली.

खाली सहा दात होते, वर पाच. जुने, झिजलेले, पण हिरडीत पक्के.

ही दुसरी कुणी असेल, बहीण असेल, असा विचार करून तिने पिशवीतून मेणाचा ठसा काढला. आत वळलेला, टवका उडालेला तो सुळा ठशातल्या खळग्यात असा बसला की मध्ये केसही मावला नसता. ओतिलिया शांतपणे तोंड उघडून बसली होती. मग तिने ओठ पुसले आणि तोंडात एक बी टाकली. "आता चावतात थोड्या," ती म्हणाली.

त्या दिवशी डोमिनो खेळताना नासारियाने भावाला सगळं सांगितलं. एलादियोने सोंगटी ठेवली. "तू त्या कवळ्यांची भुकटी नाकात ओढतेस ना दिवसभर, त्याचं आहे हे. तोंडाला फडकं बांधत जा."

तिने फडकं बांधायला सुरुवात केली. डिसेंबरात ओतिलियाचे केस अर्धे काळे झाले होते.

सीमेपलीकडे उत्तरेला कामाला गेलेल्या आणि नाताळासाठी परतलेल्या लोकांनी स्थानक भरून गेलं होतं. खोक्यांचे डोंगर, गळ्यात पडून रडणारी माणसं. चार नंबरच्या दारासमोर मात्र तेवढीच एक बाई विणत बसलेली. नासारिया तिकीट खिडकीशी गेली. तिथे विल्फ्रिदो नावाचा जाडा, मवाळ माणूस अकरा वर्षं बसत होता. त्या बाईला कधीपासून बघतोस, असं तिने विचारलं.

विल्फ्रिदोने शिक्का मारता मारता खांदे उडवले. "मला इथून तोंड नाही दिसत ताई, मध्ये खांब येतो. हात तेवढे दिसतात. ते विणत असतात."

"रोज?"

"मी पहिल्या दिवशी आलो, तेव्हाही विणत होते."

मागे रांगेतले लोक कुरकुरायला लागले.

घाबरायला हवं होतं हे नासारियाला कळत होतं. एकदोनदा दुसऱ्या गाडीने जायचाही विचार तिने केला. पण शुक्रवार उजाडला की तिला बिया आठवायच्या, आणि ओतिलियाचं ते दबक्या आवाजातलं हसणं. ती येत राहिली. "आजी"ची "ओतिलियाबाई" झाली, आणि फेब्रुवारीत कधीतरी दोघी एकमेकींना "अगं" म्हणायला लागल्या. तेव्हा त्या एकाच वयाच्या होत्या. शेजारी शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नकला करायच्या. एकाच पेल्यातली कॉफी प्यायच्या. आपल्या सव्विसाव्या वर्षी उत्तरेला गेलेला आणि परत न आलेला आपला माणूस, त्यानंतर मूल व्हायचं राहून गेलं ते कायमचं, हे नासारियाने कधी भावापाशीही काढलं नव्हतं. ओतिलियाला तिने ते सांगितलं. ओतिलियाने विणणं थांबवलं नाही, पण आपला खांदा तिच्या खांद्याला टेकवून ठेवला. गाडी सुटेपर्यंत तो तसाच होता.

एकदाच नासारियाने सरळ विचारलं, "तुझं वय काय गं?"

ओतिलियाने सुळ्याने एक पातं तोडलं. "मोजतेस तू," ती म्हणाली. "तूच सांग."

नासारियाने पुन्हा विचारलं नाही.

मार्चअखेरीस ओतिलिया तिला "ताई" म्हणाली. एप्रिलमध्ये "मावशी". तेव्हा ती सतरा-अठराची, दाट वेणीची मुलगी होती आणि सगळे दात लखलखत होते. वाकडा सुळा मात्र तसाच होता, फक्त त्याचा टवका अजून उडालेला नव्हता.

आणि मेमधल्या पहिल्या खेपेला त्या खुर्चीत सहा-सात वर्षांची पोर पाय हलवत बसली होती. तिच्या तोंडात दुधाचे दात होते. समोरचा एक पडलेला.

"आईकडे निघालेय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता आणि डोळे पहिल्यांदाच दाराकडे पुन्हा पुन्हा जात होते. "गाडी कधी येणार गं मावशी?"

नासारियाने तिला पाव खाऊ घातला, वेणी घातली, अकरा वीसची गाडी जाऊ दिली. एकची गाडी लागली तेव्हा पोर तिच्या मांडीवर झोपली होती. तिला उचलून नेण्याचा धीर त्या दिवशी झाला नाही. तिने तिला खुर्चीत नीट निजवलं, अंगावर स्वतःची शाल घातली आणि मागे न बघता गाडीत चढली.

पोचल्या पोचल्या तिने भावाला सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला मी एक मूल घेऊन येणार आहे.

एलादियोने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कुणाचं, कुठलं, काहीच विचारलं नाही. "किती मोठं?" एवढंच म्हणाला.

"माहीत नाही. लहानच असेल."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा एलादियो मागच्या खोलीतली मक्याची पोती ओढून अंगणात काढत होता आणि शीळ वाजवत होता. कितीतरी वर्षांत तिने ती शीळ ऐकली नव्हती.

ते पंधरा दिवस तिने बोटांवर मोजले. दोन कवळ्या तिच्या हातून बिघडल्या. पोचायला उशीर तर होणार नाही, हीच एक भीती होती.

शनिवारी बस दहा मिनिटं आधीच पोचली. नासारिया जवळजवळ पळतच आत गेली.

खुर्चीत तिची शाल होती. शालीत तान्हं बाळ.

ते जागं होतं आणि रडत नव्हतं. शेजारी ताडाच्या पात्यांची जुडी आणि पूर्ण विणून झालेली एक टोपी. आजूबाजूला कुणी नव्हतं. टीव्हीवर बायका हसत होत्या, आवाज नव्हता.

तिने बाळाला उचललं. ते उबदार होतं आणि त्याला ताडाच्या ओल्या पात्यांचा वास येत होता. तिने बोट पुढे केलं, ते त्याने धरलं आणि तोंडात घातलं. कोऱ्या, मऊ हिरड्या. नासारियाला वाटलं, आजवर आपल्या हातात आलेल्या सगळ्या तोंडांत हेच सर्वांत सुंदर आहे.

"चल," ती म्हणाली. "घरी जाऊ."

बाळाला खेळवता खेळवता अकरा वाजून गेले आणि दोन नंबरच्या दारातून सान मातेओच्या गाडीची हाक आली. ती वळली.

पाठीमागे चार नंबरचं दार उघडलं.

बाहेर एक गाडी उभी होती. जुनी, धुळीने भरलेली, पाटीवर नाव नसलेली. इंजिनाचा आवाज नव्हता. काचांच्या आत माणसं बसलेली होती आणि सगळी समोर बघत होती.

एक तरुण बाई उतरली. पाय अनवाणी, घोट्यापर्यंत पांढरी धूळ. ती सरळ नासारियापुढे आली आणि दोन्ही हात पसरले.

"दे."

नासारियाने बाळ छातीशी घट्ट धरलं. दोन नंबरचं दार वीस पावलांवर होतं. तिथे गाडीचा चालक तिला ओळखत होता. मागची खोली आवरून झाली होती.

बाई थांबून राहिली. तिला घाई नव्हती. बाळाकडे बघून ती हसली, आणि तिच्या खालच्या ओळीतला उजवा सुळा नासारियाला दिसला. किंचित आत वळलेला.

बाळाने तिच्याकडे मान वळवली.

नासारियाने ते दिलं.

"खूप सांभाळलंस," बाई म्हणाली. तिने शाल बाळाभोवती नीट गुंडाळली. "दमली असशील. बस जरा."

नासारिया बसली. दार मिटलं. ती उठून काचेशी गेली तेव्हा बाहेर नुसतं ऊन होतं आणि सिमेंटच्या भेगेतलं गवत, सरळ उभं, कशाखालीही न चिरडलेलं.

ती एकच्या गाडीने गेली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. खिडकीतून लाल टेकड्या, निवडुंग, शेळ्या मागे पडत होत्या आणि तिच्या आत एक स्वच्छ, हलकी शांतता भरून आली होती. खूप दिवसांचं काम हातावेगळं झाल्यासारखी. पोर आपल्या आईकडे पोचली, बस, एवढंच तिला पुरेसं होतं.

एलादियो फाटकाशी उभा होता. त्याने तिचे रिकामे हात बघितले.

"तिची आई आली," नासारिया म्हणाली.

"मग बरं झालं," तो म्हणाला. मागच्या खोलीत त्याने झोळी बांधली होती. ती त्याने सोडली नाही, आणि तिनेही सोड म्हटलं नाही.

ते अंगणात जेवायला बसले. घेवड्याची उसळ, ताज्या मक्याच्या भाकऱ्या, लिंबू. एलादियो आज बराच बोलत होता, शेजाऱ्याच्या गाढवाची नक्कल करत होता आणि नासारिया पोट धरून हसत होती. मग तो एकदम थांबला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "तुझा रंग उजळलाय गं. झोप चांगली लागते वाटतं हल्ली."

"लागते," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

तो नीट चावता येईना. खाली डावीकडे, जिथली दाढ नऊ वर्षांपूर्वी मुळासकट काढली होती आणि हिरडी केव्हाच सपाट भरून आली होती, तिथे तिची जीभ गेली. तिने घास बाजूला सारला आणि पुन्हा चाचपून बघितलं. हिरडी सुजून फाकली होती, आणि फाकलेल्या जागी दाढेचं कोवळं, धारदार टोक वर आलं होतं.